तुमच्या सेन्सरला वाहक ओळखता येतो का?

प्रति,
आनुवंशिक रक्तविकारांसाठी इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर तयार करणारे संशोधक, त्यांचे शोधनिबंध छापणारे संपादक आणि या कामाला पैसे पुरवणाऱ्या संस्था यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीने फोनवर एक साधा प्रश्न विचारला. ती आणि तिचा नवरा आता मूल होऊ द्यायचं म्हणतायत. "ताई, इतकी वर्षं तू ते सेन्सरचे पेपर वाचतेयस. त्यातलं आम्ही काय वापरायचं?"

माझ्या संगणकावर तुमच्या निबंधांचं एक फोल्डर आहे. सगळे अशा सेन्सरांबद्दल, जे इलेक्ट्रोडवरचा विजेचा प्रवाह मोजून नमुन्यातली हवी ती वस्तू ओळखतात. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, असे उपफोल्डर. बहुतेक निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात असं वाक्य असतं की ही पद्धत स्वस्त आहे, जलद आहे, आणि थेट रुग्णाजवळ वापरता येण्याजोगी आहे. मी ते फोल्डर उघडून बसले आणि थोड्या वेळाने बहिणीला म्हणाले, "काहीच नाही गं."

हे उत्तर मला गप्प बसून पचवता येत नाहीये, म्हणून हे पत्र. मी शास्त्रज्ञ नाही. शाळेत गणित शिकवते. पण या विषयात माझा काय संबंध, ते आधी सांगते.

मी सिकलसेलची वाहक आहे, म्हणजे माझ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष, एक चांगली. मूल होण्याआधी आम्ही नवरा-बायको दोघांनी रक्त तपासून घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची गोष्ट ऐकली की लोक हमखास विचारतात, "आधी तपासलं नव्हतंत का?" तपासलं होतं. जिथे गेलो तिथे सोल्युबिलिटी टेस्ट होती. थोडंसं रक्त एका द्रावणात टाकतात आणि नळी काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरतात. ऑक्सिजन काढून घेतला की सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन, म्हणजे एस, विरघळलेलं राहत नाही. द्रावण गढूळ होतं आणि मागच्या रेघा दिसेनाशा होतात. माझ्या नळीमागच्या रेघा गडप झाल्या. नवऱ्याच्या नळीमागे त्या छापल्यासारख्या स्वच्छ दिसत होत्या. एकच जण वाहक आहे, तेव्हा काळजी नको, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

मुलगी दहा महिन्यांची असताना तिचे हातपाय सुजले. दोन्ही हातांची बोटं टम्म झाली होती आणि ती कुणाला हात लावू देत नव्हती. मग मोठ्या ठिकाणी एचपीएलसी झालं, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. रिपोर्टात एस भरपूर, नेहमीचं ए अजिबात नाही, एरवी थोडंसंच असणारं ए२ वाढलेलं. नवऱ्याचं रक्त पुन्हा तपासलं, या वेळी नीट. त्याचं हिमोग्लोबिन ए२ होतं ५.१ टक्के, म्हणजे बीटा थॅलेसेमिया मायनर. तोही वाहकच, फक्त दुसऱ्या दोषाचा. माझ्याकडून एस आणि त्याच्याकडून थॅलेसेमिया असे दोन्ही दोष एकत्र आले आणि मुलीला सिकल-बीटा थॅलेसेमिया झाला. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते.

नवऱ्याच्या नळीतून दिसलेल्या रेघा खोट्या नव्हत्या. त्याच्या रक्तात एस नव्हतंच. चाचणीने तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं होतं. प्रश्नच तोकडा होता. आणि तुमचे निबंध वाचताना मला पुन्हा पुन्हा वाटतं की तोच तोकडा प्रश्न आता सोन्याच्या इलेक्ट्रोडला विचारला जातोय.

इलेक्ट्रोडवर माझा राग नाही, उलट लोभ आहे. लेलँड क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली एन्झाइम बसवलेल्या इलेक्ट्रोडची कल्पना मांडली आणि १९८७ साली पेनाएवढं ग्लुकोमीटर बाजारात आलं. पंचवीस वर्षं लागली, पण आज रोजची साखर मोजायला प्रयोगशाळेची पायरी चढावी लागत नाही. डीएनए इलेक्ट्रोडवर सिग्नल देतो हे बर्नोच्या एमिल पालेचेक यांनी १९६० मध्ये दाखवलं. ठरावीक क्रम ओळखणारा पहिला डीएनए सेन्सर मिलन आणि मिकेल्सन यांनी १९९३ मध्ये मांडला. २००३ मध्ये सांता बार्बराच्या गटाने दुमडणाऱ्या डीएनएचा सेन्सर केला. त्यात इलेक्ट्रोडवर चिकटवलेला धागा आपल्या जोडीदाराला भेटला की उलगडतो, त्याच्या टोकाचा फेरोसीन, म्हणजे प्रवाह देणारा रेणू, इलेक्ट्रोडपासून लांब जातो आणि प्रवाह घटतो. हे वाचलं तेव्हा मी वर्गात मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं, इतकं ते मला आवडलं. १९९३ पासून मोजलं तर साखरेची पंचवीस वर्षं केव्हाच उलटून गेली. मग अडलंय कुठे? माझ्या समजुतीप्रमाणे ते लिहिते. चूक असेल तर दाखवा, पण आकड्यांनी दाखवा.

पहिली तक्रार: चुकीच्या शर्यतीची

तुमच्या निबंधांच्या शीर्षकातच एक आकडा मिरवत असतो. हा सेन्सर किती कमीत कमी प्रमाण ओळखतो, त्याचा. नॅनोमोलर, पिकोमोलर, फेम्टोमोलर (द्रावणातलं प्रमाण सांगणारी एककं, प्रत्येक आधीच्याचा हजारावा भाग), आणि आता त्याच्याही खाली. कर्करोगाची रक्तातली पहिली खूण शोधायची असेल तर ही शर्यत योग्यच आहे. पण आनुवंशिक हिमोग्लोबिन विकारात शोधायची वस्तू दुर्मिळ असते का?

हिशोब सोपा आहे. निरोगी रक्तात लिटरमागे साधारण १५० ग्रॅम हिमोग्लोबिन असतं. त्याचा रेणुभार सुमारे ६४,५००. भागाकार केलात तर २.३ मिलिमोलर येतं. त्यातलं ए२, जे अगदी थोडं असतं, ते तीन टक्के धरा. तरी सुमारे ७० मायक्रोमोलर. एक फेम्टोमोलर ओळखणारा सेन्सर त्याच्या सात हजार कोटी पट कमी प्रमाण पाहू शकतो. विहिरीतलं पाणी मोजायला तुम्ही अत्तराचा थेंब मोजायचं माप घेऊन आलात. मापाचं कौतुक आहे, पण आम्हाला हवं ते त्याने मोजता येत नाही.

जनुकाच्या बाजूने गेलात तर मात्र तुमचं म्हणणं खरं ठरतं, हे प्रामाणिकपणे मान्य करते. तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं. डीएनए मिळतो पांढऱ्या पेशींमधून. एका मायक्रोलिटरला चार ते अकरा हजार पेशी, प्रत्येकीत जनुकाच्या दोन प्रती. म्हणजे साधारण १५ ते ३५ फेम्टोमोलर. इथे बारीक नजर लागतेच, नाहीतर आधी प्रती वाढवून घ्याव्या लागतात. पण मग तुम्ही ती नजर कशावर तपासता? कारखान्यात तयार केलेल्या वीस-पंचवीस अक्षरांच्या सुट्या, एकपदरी, स्वच्छ धाग्यावर. माणसाच्या पेशीत तेच अक्षर तीनशे कोटी अक्षरांच्या पसाऱ्यात, दुपदरी आणि प्रथिनांना गुंडाळलेलं असतं. ते सोडवून इलेक्ट्रोडपर्यंत कसं आणणार, याबद्दल बऱ्याच निबंधांत एक ओळही नसते. माझ्या मते खरं काम त्या न लिहिलेल्या ओळीत आहे.

दुसरी तक्रार, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे: वाहकाचं रक्त हे मिश्रण असतं

१९४९ साली लायनस पॉलिंग, हार्वी इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा सिकलसेलला 'रेण्वीय आजार' म्हणणारा निबंध आला. विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिन कसं सरकतं ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे या आजाराचा उलगडाच मुळी विद्युतभाराच्या फरकातून झाला. त्या निबंधात चार आलेख शेजारी शेजारी आहेत. पहिला निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनचा, दुसरा सिकलसेल रुग्णाच्या आणि तिसरा वाहकाच्या. आणि चौथा? पहिली दोन हिमोग्लोबिनं त्यांनी स्वतः निम्मी-निम्मी मिसळून काढलेला. वाहकाचा आलेख मिश्रणासारखाच दिसतो हे त्यांना दाखवायचं होतं, आणि त्यांनी ते दाखवलं.

तो चौथा आलेख मी तुमच्या निबंधांत शोधत असते. क्वचितच सापडतो. मिळतात ते दोन उभे खांब. एक उंच, 'लक्ष्य डीएनए'. दुसरा ठेंगणा, 'एका अक्षराने वेगळा डीएनए'. खाली लिहिलेलं असतं, उत्कृष्ट निवडक्षमता. अहो, पण आमच्या रक्तात हे दोघं वेगवेगळ्या भांड्यांत येत नाहीत. वाहकाच्या प्रत्येक पांढऱ्या पेशीत दोन्ही प्रती शेजारी शेजारी असतात. एक अक्षर वेगळं असलेला धागा इलेक्ट्रोडवर थोडा का होईना, चिकटतोच. किती चिकटतो ते तापमानावर आणि क्षारांवर अवलंबून असतं. खोली चार-पाच अंशांनी तापली की तुमचे खांब वर-खाली होतात. रुग्ण, वाहक आणि निरोगी असे तिघं समोर आले तर खांब तीन हवेत, आणि तिघांत कुणालाही शंका येऊ नये इतकं अंतर हवं.

इथे एक पाऊल पुढे जाऊन विचारते. फक्त एस मोजणारा सेन्सर रुग्ण आणि वाहक वेगळे करू शकतो का? पुन्हा हिशोब करू. रुग्णाला ॲनिमिया असतो. समजा हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे ७ ग्रॅम, त्यातलं ८५ टक्के एस. म्हणजे जवळपास ६ ग्रॅम एस. वाहक धडधाकट असतो. समजा हिमोग्लोबिन १५ ग्रॅम, त्यातलं ४० टक्के एस. तेही ६ ग्रॅमच. तुमच्या इलेक्ट्रोडवर दोघांचा प्रवाह सारखाच येईल. एकाला आयुष्यभर उपचार लागणार, दुसऱ्याला कदाचित काहीच त्रास होणार नाही, आणि यंत्राला दोघांतला फरक कळणार नाही. जनुकाचंही तसंच. सिकलसेलच्या रुग्णांत पांढऱ्या पेशी बऱ्याचदा वाढलेल्या असतात, आणि एस प्रतींचा एकूण आकडा पेशींच्या संख्येबरोबर हलतो. तेव्हा एस किती आहे हा प्रश्नच अपुरा आहे. ए आणि एस दोन्ही मोजून त्यांचं गुणोत्तर सांगणाऱ्या सेन्सरचाच आम्हाला उपयोग आहे. आठवीतल्या मुलांना मी गुणोत्तर शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी हेच सांगते, की नुसत्या एका राशीवरून तुलना होत नाही.

तिसरी तक्रार: एका अक्षराचा मोह

सिकलसेलमध्ये अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात एकच अक्षर बदलतं. ए च्या जागी टी. त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ पर्यंत शोधून काढलं. एक अक्षर, एक धागा, एक निबंध. सोयीचं आहे. म्हणून माझ्या सिकलसेलच्या फोल्डरला फुगवटा आला आहे आणि थॅलेसेमियाचं फोल्डर रोडावलेलं आहे.

बीटा थॅलेसेमिया घडवणारे बदल दोनशेहून अधिक आहेत. कुठे एक अक्षर, कुठे चार अक्षरं गाळलेली, कुठे जनुकाचा मोठा तुकडाच गायब. अल्फा थॅलेसेमियात तर बहुतेक वेळा आख्खं जनुकच गळालेलं असतं. जे नाहीच त्याला धागा कसा चिकटवणार? हिमोफिलियातही तेच. तीव्र हिमोफिलिया ए च्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत जनुकाचा भला मोठा भाग उलटा बसलेला असतो. वीस अक्षरांच्या खिडकीतून ती उलथापालथ दिसायची नाही.

बीटा थॅलेसेमियाचे वाहक शोधायला सुदैवाने एक जुनी, समान खूण आहे, ती म्हणजे हिमोग्लोबिन ए२. साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमिया मायनरचा संशय घेतात. माझ्या नवऱ्याला ज्या आकड्याने ओळखलं तो हाच. पण तो मोजणं किती नाजूक आहे बघा. ए२ मधली डेल्टा साखळी आणि ए मधली बीटा साखळी, दोन्ही १४६ घटकांच्या. त्यांत फरक फक्त दहा ठिकाणी. म्हणजे तीसपट जास्त असलेल्या जुळ्या भावाच्या गर्दीतून त्याला नेमकं उचलायचं. शिवाय निर्णय होतो एका टक्क्याच्या आत. ग्लुकोमीटरसाठीचं मानक, आयएसओ १५१९७, त्याची २०१३ची आवृत्ती, जास्त साखरेला १५ टक्के इकडे-तिकडे चालवून घेते. साखरेला ते चालतं. ए२ साठी तेवढीच सूट दिली तर ३.५ हा आकडा २.९८ ते ४.०३ असा कुठेही दिसेल, म्हणजे एका टोकाला निरोगी आणि दुसऱ्या टोकाला वाहक. त्यातून शरीरात लोह कमी असेल तर ए२ आणखी खाली उतरतं आणि वाहक निसटतो. तुमच्या कौशल्याची कसोटी बघायची तर ही जागा आहे. इथे फेम्टोमोलर नको, फक्त दोन-तीन टक्क्यांच्या आतली अचूकता हवी. तिची जाहिरात होत नाही हे समजतं मला.

चौथी: बफर म्हणजे रक्त नव्हे

बफर म्हणजे प्रयोगशाळेतलं स्वच्छ, ठरावीक क्षारांचं द्रावण. ही तक्रार तुम्ही आधी ऐकली असेल, म्हणून लांबवत नाही. 'खऱ्या नमुन्यात चाचणी' या मथळ्याखाली बहुधा पन्नास-शंभर पट पातळ केलेलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पिवळसर पाणी, असतं, त्यात वरून टाकलेलं कृत्रिम लक्ष्य असतं, आणि त्यातलं ९८ टक्के परत सापडल्याची नोंद असते. सीरममध्ये तांबड्या पेशी नसतात. हिमोग्लोबिनचा विकार शोधायला हिमोग्लोबिनच काढून टाकलेलं द्रव घ्यायचं, याला काय म्हणावं?

पेशी फोडल्या की हीमचं लोखंड स्वतःच इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनांची देवघेव करू लागतं. प्रथिनं सोन्यावर थर धरतात. युरिक आम्ल, जीवनसत्त्व क, तापावर घेतलेलं पॅरासिटामॉल, सगळे आपापला सूर लावतात. आणि माणसंही वेगवेगळी येतात. नवजात बाळाच्या रक्तात बहुतांश हिमोग्लोबिन एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, असतं. ए किंवा एस त्यामानाने कमी, म्हणून सहा महिन्यांखालच्या बाळाला सोल्युबिलिटी टेस्ट लागूच पडत नाही. नुकतंच रक्त चढवलेल्या मुलाच्या नसांत दात्याच्या तांबड्या पेशी फिरत असतात, त्या तीन-चार महिने टिकतात. माझ्या मुलीला रक्त चढवल्यानंतरच्या आठवड्यात तुमचा प्रथिन-सेन्सर तिला काय म्हणेल?

बाळांचं वेगळं म्हणणं मांडते, कारण त्यात जीव जातात. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकोकस या जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून हे औषध पहिल्या काही महिन्यांतच सुरू करतात, पण त्यासाठी बाळ आधी ओळखता यायला हवं. माझी मुलगी दहा महिने त्याविना होती. तिला काही झालं नाही, हे आमचं नशीब. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने सिकलसेलसाठी क्रिस्परवर, म्हणजे जनुकात बदल करणाऱ्या तंत्रावर, बेतलेल्या उपचाराला मान्यता दिली तेव्हा घरात आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या. जनुकात फेरफार करण्यापर्यंत माणूस पोचला आणि बाळाच्या टाचेतल्या थेंबातून दोष ओळखायला बहुतेक ठिकाणी अजून मोठं यंत्र लागतं, हा उलटा क्रम तेव्हाही मनात आलाच.

आणि एक: दुसरा माणूस कुठे आहे?

ज्याने सेन्सर तयार केला त्यानेच तो वापरला, त्याच टेबलावर, त्याच आठवड्यात. दुसऱ्या प्रयोगशाळेत, सहा महिने कपाटात राहिलेल्या पट्टीवर तोच निकाल आला का? मला असे निबंध बोटांवर मोजण्याइतके सापडले.

हे सगळं अशक्य आहे असं मात्र मला कुणी सांगू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारी माणसं घरी बसून बोटाच्या थेंबावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, मोजतात. त्यातल्या काही यंत्रांत थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं एन्झाइम एक कृत्रिम पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) तोडतं आणि सुटलेल्या रेणूचा प्रवाह इलेक्ट्रोड मोजतो. पूर्ण रक्तात, खोलीच्या उजेडात. आनुवंशिक विकारांतही जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता इलेक्ट्रोडच्या स्वभावाला मानवणारी आहे. हे एन्झाइम काम करतं तेव्हा एनएडीपीएच नावाचा रेणू तयार होतो, आणि त्याच्या ऑक्सिडीकरणाचा प्रवाह मोजता येतो. चाळीस कोटींहून अधिक लोकांत ही कमतरता आहे आणि हिवतापाची काही औषधं देण्याआधी ती माहीत असावी लागते. पण तिथेही 'आहे-नाही' सांगणारी चाचणी मधल्या स्त्रिया सोडून देते. एक प्रत चांगली, एक सदोष, आणि एन्झाइम तीस ते सत्तर टक्के. पुन्हा वाहक! एन्झाइमचा आकडा हिमोग्लोबिनने भागून, तापमानाची दुरुस्ती करून मांडला तरच त्या सापडतात. हे मार्ग ठाऊक असलेली माणसं तुमच्यातच आहेत.

काही वर्षांपूर्वी एका संशोधन गटाला मी ईमेल लिहिला होता. आमच्या घरात एक वाहक आहे, एक थॅलेसेमिया मायनर आहे आणि एक रुग्ण आहे. तिघांचं रक्त हवं असेल तेव्हा देऊ, असं कळवलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. माणसाच्या रक्तावर काम करायचं तर नैतिक समितीची परवानगी लागते, त्यात महिने जातात, विद्यार्थ्याचा प्रबंध सहा महिन्यांत द्यायचा आहे, म्हणून सध्या कृत्रिम डीएनएच वापरतो आहोत, तुमच्या भावनेबद्दल आभार. उत्तर सभ्य होतं आणि खरंही होतं. त्या विद्यार्थ्याचा राग आला नाही. ज्या व्यवस्थेत रक्ताला हात न लावता रक्ताच्या सेन्सरवर पदवी मिळते, ती व्यवस्था तुम्ही तिघं मिळून चालवता, म्हणून पत्रावर तिघांचीही नावं घातली.

आता मागण्या.

संशोधकांनो, वाहकाला मध्यभागी ठेवा. निरोगी, वाहक आणि रुग्ण, तिन्ही प्रकारच्या नमुन्यांवर निकाल द्या. ए आणि एस दोन्ही मोजा आणि गुणोत्तर लिहा. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत मिश्रणं करून आलेख काढा, म्हणजे १९४९चा चौथा आलेख आम्हालाही दिसेल. निदान निम्मं बळ थॅलेसेमियाकडे वळवा, आणि तिथे ए२ किती अचूक मोजता तो आकडा शीर्षकात टाका. फेम्टोमोलर आत कुठेतरी असू द्या.

संपादकांनो, निदान-चाचण्या कशा मांडाव्यात याची स्टार्ड ही नियमावली २००३ पासून आहे आणि २०१५ मध्ये ती सुधारलीसुद्धा. ती सेन्सरच्या निबंधांना लावा. 'थेट रुग्णाजवळ वापरण्याजोगा' हे शब्द पूर्ण रक्तावर, एचपीएलसी किंवा जनुकक्रम वाचून पडताळा केल्याशिवाय छापू नका. दुसऱ्याच्या सेन्सरची पुन्हा चाचणी घेणारे निबंध छापा, अपयशी ठरले तरी. मला तर अपयशी निबंधच जास्त वाचायचे आहेत. त्यांतून निदान कळेल की सोन्यावर नेमकं काय चिकटलं.

पैसे देणाऱ्या संस्थांनो, ज्ञात जनुकप्रकारांच्या रक्तनमुन्यांची एक पेढी उभी करा. त्यात वाहक, रुग्ण, नवजात, रक्त चढवलेले, लोह कमी असलेले, दोन दोष एकत्र आलेले, सगळे असू देत. परवानग्या एकदाच घ्या आणि छोट्यातल्या छोट्या गटालाही नमुने मिळतील असं करा, म्हणजे कुठल्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांचं कारण सांगावं लागणार नाही. नवा सेन्सर बनवायला जेवढे पैसे देता, त्याचा काही वाटा तोच सेन्सर दुसरीकडे, दुसऱ्या हातांनी, जुन्या पट्टीवर चालवून बघायला राखून ठेवा. आणि एका वर्षानंतर हिशोब जाहीर करा, किती सेन्सरांनी खरं रक्त पाहिलं.

बहिणीचं सांगायचं राहिलं. तिलाही एस आहे, माझ्यासारखंच. तिच्या नवऱ्याची सोल्युबिलिटी टेस्ट कुणीतरी आधीच करून टाकली होती आणि रेघा स्वच्छ दिसल्या म्हणून दोघं निर्धास्त होते. मी त्यांना एचपीएलसी करायला लावलं आहे, आणि सोबत लोहाची तपासणीही. रिपोर्ट यायचा आहे.

आमच्या घरचा तो जुना देकार अजून तसाच आहे. तिघांचं रक्त, हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा. मुलगी आता मोठी झाली आहे. तिला मी हे पत्र वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, माझं घेताना लहान सुई आणायला सांग.

आपली,
एक वाहक